बोलीचें मोल

मराठींत ‘बोली’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत. माणसें जी भाषा बोलतात ती बोली. दोघांमध्यें जी अट किंवा जो करार तोंडीं ठरतो तीहि बोली. आणि लिलांवांत मालावर जी किंमत पुकारली जाते तीहि बोलीच. एकाच शब्दांत हे तिन्ही अर्थ राहावेत यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार साठविलेला आहे. लिलांवांत उच्चारलेला आंकडा हा नुसता आवाज नव्हे, तें दिलेलें वचन आहे, ही समजूत त्या शब्दांतच गोंविलेली आहे. परंतु समजूत शब्दांत असणें निराळें आणि ती आचरणांत उतरणें निराळें. बोली करणारा ती पाळीलच, ही खात्री निरनिराळ्या काळीं लोकांनीं कशी करून घेतली, आणि ती खात्री कोठवर पुरी पडली, याचा इतिहास मनोरंजक तसाच बोधप्रदहि आहे. आज घरबसल्या, यंत्राच्या पडद्यावर बोट टेकवून, हजारों मैलांवरील अनोळखी माणसाच्या वस्तूवर बोली लावतां येते. त्यामुळें हा जुना प्रश्न नव्यानें आपल्या दाराशीं आला आहे.

‘लिलांव’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. यान हायखेन व्हान लिन्स्कोटेन हा डच गृहस्थ १५८३ सालीं गोव्यास आला आणि तेथील आर्चबिशपच्या पदरीं कांहीं वर्षें राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गोवें शहराच्या सरळ हमरस्त्यावर सणवार व रविवार वगळून रोज सकाळीं भरणाऱ्या लिलांवाचें वर्णन आहे. घोडे, मसाले, कापड, जवाहीर यांच्याबरोबरच तेथें गुलाम स्त्रीपुरुषांचीहि विक्री होत असे. तेव्हां लिलांव म्हटला कीं तो न्यायाचाच असतो असें मानण्याचें कारण नाहीं. विकावयास काय मांडलें आहे आणि तें विकण्याचा अधिकार कोणास आहे, हे प्रश्न बोलीच्याहि आधींचे आहेत. मात्र रोज त्याच चव्हाट्यावर, त्याच मंडळींसमोर बोली होत असली कीं एक गोष्ट आपोआप साधते. आज शब्द फिरविणारास उद्यां पुन्हां त्याच रस्त्यावर उभें राहावयाचें असतें. चारचौघांची नजर हा बोलीचा पहिला जामीन होय.

हें वचन कोणाकोणास दिलेलें असतें? वरवर पाहतां बोली करणारा फक्त विकणारास बांधलेला दिसतो. पण विकणाराहि त्यास तितकाच बांधलेला असतो. सर्वांत चढी बोली आली म्हणजे वस्तु दिलीच पाहिजे. आणि तिसरें एक बंधन आहे, जें सहसा ध्यानांत येत नाहीं. एकानें आंकडा चढविला कीं बाकीचे गप्प बसतात. कोणी आपली थैली मिटतो, कोणी दुसऱ्या वस्तूकडे वळतो, कोणी घरीं जातो. त्यांनीं माघार घेतली ती आपल्या शब्दावर विसंबून. म्हणून खोटी बोली करणारा विकणारास जितका फसवितो, तितकाच या गप्प बसलेल्या माणसांसहि फसवितो. विकणारास निदान आपली वस्तु परत मिळते. त्यांची गेलेली संधि त्यांस कोण परत देणार?

विकणारांनीं शब्द कसा मोडावा याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला रोमच्या इतिहासांत आहे. इ. स. १९३ च्या मार्च महिन्यांत बादशहा पर्टिनॅक्स यास त्याच्याच संरक्षक सैन्यानें ठार मारलें आणि मग खुद्द तख्तच विकावयास काढलें. छावणीच्या आंत मृत बादशहाचा सासरा सल्पिसिआनस होता, आणि दाराबाहेर डिडिअस जूलिआनस हा धनाढ्य सिनेटर. आंतला दर शिपायामागें २०,००० सेस्टर्सपर्यंत चढला. तेव्हां बाहेरच्यानें एकदम ५,००० ची उडी घेतली, आणि ती मोठ्यानें ओरडून व हाताचीं बोटें दाखवून जाहीर केली. हा वृत्तान्त त्या वेळीं सिनेटचा सभासद असलेल्या कॅसिअस डिओनें लिहून ठेविला आहे. ठरलेली रक्कम शिपायांस पोंचली कीं नाहीं, याविषयीं जुन्या ग्रंथकारांत एकवाक्यता नाहीं. खजिना रिकामा असल्यामुळें ती देतां आली नाहीं व शिपाई चिडले, असें हेरोडिअन म्हणतो. तर बोलीहून अधिक, म्हणजे ३०,००० प्रमाणें दिले, असें दुसऱ्या एका ग्रंथांत आहे. पण विकणारांनीं काय केलें याविषयीं मतभेद नाहीं. सेप्टिमिअस सेव्हेरस फौज घेऊन चालून येतांच, ज्यांनीं तख्त विकलें होतें त्यांनींच तें राखण्याचें सोडून दिलें. जूलिआनस ६६ दिवस राज्य करून मारला गेला. आणि सेव्हेरसनें त्या सैन्यास निःशस्त्र बोलावून बरखास्त केलें. विकणारा जेथें शब्दाचा नाहीं, तेथें सर्वांत चढी बोली ही सर्वांत मोठी फसगत ठरते.

राज्याधिकाराची बोली आपल्याकडेहि झालेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मामलती मक्त्यानें देण्याची चाल बोकाळली. जो अधिक रक्कम कबूल करील त्याच्या हातीं परगणा जाई. एल्फिन्स्टननें आपल्या १८१९ च्या अहवालांत या पद्धतीचे दुष्परिणाम सांगितले आहेत. येथें बोली मोडली जात नसे. उलट ती पाळण्यासाठींच मक्तेदार रयतेस पिळून काढी. बोली करणारा एक आणि तिची भरपाई करणारा दुसराच, असें झालें कीं वचनपूर्तीचाहि जुलूम होतो. यावरून बोलीची एक साधी मर्यादा दिसते: माणसानें बोलावें तें आपल्याच खिशाकडे पाहून.

इंग्लंडांत सतराव्या शतकांत लिलांवाची मुदत ठरविण्यासाठीं मेणबत्तीचा उपयोग करीत. इंचभर मेणबत्ती पेटवावयाची आणि ती विझण्यापूर्वी ज्याची बोली शेवटची त्याचा माल, असा नियम असे. आरमारखात्याचा प्रसिद्ध अधिकारी सॅम्युएल पीप्स यानें अशा पद्धतीनें जहाजें विकलीं जातांना पाहिलीं व आपल्या रोजनिशींत त्याची नोंद केली. १६६२ सालच्या नोंदींत एका हुशार माणसाची गोष्ट आहे. ज्योत विझण्याच्या ऐन क्षणीं धूर खालीं उतरतो, हें या गृहस्थानें हेरलें होतें. बाकीचे गलका करीत असतां हा धुराकडे डोळे लावून बसे, आणि शेवटचा शब्द साधी. या माणसास अप्रामाणिक म्हणावें काय? या प्रश्नाकडे आपणांस पुढें पुन्हां वळावें लागेल.

मेणबत्तीची जागा हातोड्यानें घेतली, आणि त्याबरोबर कायद्याचा एक मूलभूत प्रश्न उभा राहिला: बोली केल्यावर ती मागें घेतां येईल काय? १७८९ सालीं इंग्लंडांतील एका खटल्यांत याचें उत्तर मिळालें. दारू गाळण्याच्या भट्टीचें एक कथलाच्या मिश्रधातूचें नळकांडें लिलांवांत होतें. एकानें ४० पौंडांची बोली केली. लिलांव करणारा हातोडा न मारतां रेंगाळूं लागला. उशीर कां, असें विचारतां तो म्हणाला कीं वस्तु वजनदार असून तिला याहून अधिक किंमत यावी. त्या वजनाची हमी देतां काय, असें बोली करणारानें विचारलें. हमी देत नाहीं असें उत्तर येतांच त्यानें आपली बोली परत घेतली. पुढें ती वस्तु ३० पौंडांस गेली व तुटीबद्दल फिर्याद झाली. न्यायालयानें असें ठरविलें कीं बोली ही केवळ मागणी आहे. हातोडा पडेपर्यंत ती स्वीकारली गेलेली नसते, म्हणून तोंवर ती मागें घेतां येते. हेंच तत्त्व आपल्या देशाच्या १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांतील ६४ व्या कलमांत आलें आहे. विकणारानें किंमत फुगविण्यासाठीं खोटी बोली करविली तर घेणारास तो व्यवहार रद्द करतां येतो, असेंहि तेंच कलम सांगतें. ‘एकवार, दोनवार, तीनवार’ या आपल्या पुकाऱ्यांतहि हाच न्याय आहे. पहिले दोन वार विचारासाठीं, तिसरा बंधनासाठीं.

परंतु हातोडा पडल्यावर सर्व कांहीं सुरळीत होतें असें नाहीं, हें आपल्या शेतकऱ्याइतकें कोणीं अनुभविलें नसेल. देशांतील अनेक बाजारांत दलाल रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, त्यालाच भाव ऐकूं येत नसे. पुढें वजनाच्या वेळीं, तोलाईच्या वेळीं, पैसे देण्याच्या वेळीं, दर पायरीला कांहीं ना कांहीं कापलें जाई. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं नियमबद्ध कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. या खटाटोपामागें मँचेस्टरच्या गिरण्यांस चांगला कापूस मिळावा हा हेतु होता, हें खरें; तरी त्यानें एक चांगली वाट पडली. शेतकी कमिशनच्या १९२८ च्या अहवालानें अशा बाजारांची शिफारस केली, मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्यानें १९६३ सालीं आपला स्वतंत्र कायदा केला. रुमाल दूर सारून बोली मोकळ्या आवाजांत आणणें हा या सर्वांचा गाभा होय.

तरीहि लासलगांवसारख्या कांद्याच्या बाजारांत होणारा तंटा पाहण्यासारखा असतो. गाडीच्या वरच्या मालावर दहा जणांसमोर बोली होते आणि भाव ठरतो. पण गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिती होऊं लागली कीं ‘आंत माल हलका निघाला’ ही तक्रार येते. कधीं ती खरी असते. कधीं ती ठरलेल्या भावांतून शंभर-पन्नास रुपये कापण्याचें निमित्त असतें. त्या क्षणीं शेतकरी एकटा असतो. लिलांवांतील बाकीचे व्यापारी पुढच्या गाडीकडे गेलेले असतात. गाडी पुन्हां भरून परत नेण्याचें बळ त्याच्यांत नसतें, आणि घरीं बियाण्याची उधारी वाट पाहत असते. बोली मोडणें म्हणजे काय, हें येथें डोळ्यांनीं दिसतें. काटापट्टी, हिशेबपट्टी, बाजारसमितीचा निरीक्षक ही सारी योजना त्या एकट्या माणसाच्या पाठीशीं कोणी तरी उभें असावें म्हणून आहे.

आतां चव्हाटाच नाहींसा झाला तर काय करावयाचें? सप्टेंबर १९९५ मध्यें कॅलिफोर्नियांत पिअर ओमिड्यार यानें इंटरनेटवर एक लिलांवघर उघडलें. तेंच पुढें ‘ईबे’ या नांवानें जगप्रसिद्ध झालें. तेथें आरंभीं विकल्या गेलेल्या वस्तूंत प्रकाशाचा ठिपका पाडणारी एक मोडकी लेसर-कांडी होती. ती १४ डॉलर ८३ सेंटांस गेली. येथें हातोडा नव्हता, पुकारा नव्हता, माल डोळ्यांपुढें नव्हता, आणि माणूस तर नव्हताच. लहानसहान वस्तूसाठीं परमुलखांत फिर्याद कोण करणार? तेव्हां फेब्रुवारी १९९६ मध्यें ओमिड्यारनें एक युक्ति काढली. व्यवहार झाल्यावर दोन्ही पक्षांनीं एकमेकांविषयीं चांगलें, वाईट किंवा मध्यम असें मत सर्वांस दिसेल असें नोंदवावें. गोव्याच्या रस्त्यावर जें काम ओळखीची नजर करी, तें या नोंदवहीनें करावें असा हेतु होता. लौकिकाला रोख मोल असतें हेंहि पुढें सिद्ध झालें. अमेरिकन संशोधकांनीं एका जुन्या नांवाजलेल्या विक्रेत्याकडून जुनीं पोस्टकार्डें विकविलीं, कांहीं त्याच्या नांवावर व कांहीं नव्या अनोळखी नांवांवर. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत घेणारे नांवाजलेल्या नांवास शेंकडा ८.१ अधिक देण्यास तयार असलेले दिसले.

या नोंदवहीलाहि खोट होतीच. वाईट मत दिल्यास समोरचाहि सूड म्हणून वाईटच देईल, या भीतीनें लोक गप्प बसूं लागले. म्हणून २००८ सालीं घेणाराविषयीं वाईट मत नोंदविण्याची विक्रेत्यांची मुभा काढून घेण्यांत आली. घेणाराची जीभ मोकळी झाली; पण बोली करून पैसे न देणारास चारचौघांत नांवें ठेवण्याचें विक्रेत्याचें साधन मात्र गेलें. एका पक्षाचा शब्द राखावयास जावें तों दुसऱ्याचा सैल होतो, असा हा तराजू आहे. आपल्याकडे मुंबईंत २००० सालीं ‘बाझी’ नांवाचें असेंच लिलांवघर निघालें. २००४ सालीं तें ईबेनें विकत घेतलें आणि २०१८ सालीं भारतांतील तें दुकान बंद झालें.

न्यायालयांनीं मात्र या नव्या बोलीस जुन्याइतकेंच मोल दिलें. जर्मनींत एकानें १० मार्कांपासून लिलांव मांडून आपली नवी मोटार २६,३५० मार्कांस जातांना पाहिली; तिची बाजारांतील किंमत याच्या दुपटीहून अधिक असल्यामुळें त्यानें ती देण्याचें नाकारलें. २००१ सालीं तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें करार पक्का ठरविला. ऑस्ट्रेलियांत एक जुनें लढाऊ विमान ईबेवर १,५०,००० डॉलरांस गेलें. विक्रेत्यास दुसरीकडे लाख डॉलर अधिक मिळत होते. २००७ सालीं न्यायालयानें विमान बोली जिंकणारासच देण्याचा हुकूम केला.

आतां त्या धुराकडे पाहणाऱ्या माणसाकडे वळूं. ईबेवरहि शेवटच्या कांहीं क्षणांत बोली टाकणारे पुष्कळ असतात, आणि यास अनेक जण असभ्य मानतात. रॉथ आणि ऑकनफेल्स यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें कीं जेथें ठराविक क्षणीं लिलांव बंद होतो तेथें हा प्रकार अधिक, आणि जेथें शेवटची बोली येतांच मुदत वाढते तेथें तो कमी. आमच्या मतें यांत शब्दभंग नाहीं. आपण कोठवर जाणार हें झांकून ठेवणें आणि जें द्यावयाचें नाहीं तें देऊं म्हणणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिलें मौन आहे, दुसरें असत्य. मे २००० मध्यें २५ सेंटांपासून निघालेलें एक चित्र १,३५,८०५ डॉलरांवर गेलें. पुढें उघड झालें कीं विक्रेत्यानें स्वतःच दुसऱ्या नांवानें त्यावर बोली केली होती. तो व्यवहार रद्द झाला आणि प्रकरण फौजदारी न्यायालयांत गेलें. मौन बाळगणारा आणि असत्य बोलणारा यांतील भेद येथें स्पष्ट दिसतो.

परंतु असत्य बोली सद्धेतूनें केली तर? फेब्रुवारी २००९ मध्यें पॅरिस येथें उंदीर व ससा यांचीं दोन काशाचीं शीर्षें लिलांवास निघालीं. पेकिंगचा जुना उन्हाळी राजवाडा १८६० सालीं इंग्रज व फ्रेंच फौजांनीं लुटला, तेथलीं तीं. काई मिंगचाओ या चिनी गृहस्थानें टेलिफोनवरून प्रत्येकीं १ कोटि ४० लाख यूरोंची बोली करून तीं जिंकलीं, आणि मग पैसे देणार नाहीं असें जाहीर केलें. अनेक देशबांधवांनीं त्याची वाहवा केली. लुटीच्या मालावर विकणाराचा खरा हक्क नाहीं, हा त्याचा पक्ष दुबळा नव्हता. अखेर २०१३ सालीं दुसऱ्या एका मालकानें तीं शीर्षें चीनला भेट दिलीं. तरीहि असें वाटतें कीं हक्क नाहीं असें म्हणावयाचें तर तें लिलांवाबाहेर उभें राहून म्हणावें. आंत शिरून आंकडा उच्चारला कीं आपण त्या खेळाचे नियम मान्य केले असा अर्थ होतो, आणि आपल्या शब्दावर विसंबून जे गप्प बसले त्यांनीं तर चीनचें कांहीं लुटलें नव्हतें.

या गोष्टीशेजारीं महाराष्ट्राची एक गोष्ट ठेवावी. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले यांची तलवार २०२५ सालीं लंडनच्या लिलांवांत आली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांच्या हातीं गेली असावी असा तर्क आहे. महाराष्ट्र सरकारनें मध्यस्थामार्फत बोली केली, सुमारें ४७ लाख रुपये मोजले, आणि तलवार त्याच वर्षीं मुंबईस आणिली. आपलीच वस्तु पैसे देऊन आणावी लागली याची खंत वाटणें स्वाभाविक आहे. पण उद्यां अशीच दुसरी वस्तु लिलांवांत आली, तर महाराष्ट्राच्या नांवानें झालेल्या बोलीवर कोणी शंका घेणार नाहीं. त्या रकमेंत तलवारीबरोबर ही पतहि घरीं आली.

नजर, मेणबत्ती, हातोडा, कायदा, बाजारसमिति, नोंदवही, हीं सर्व कुंपणें माणसांनीं एकामागून एक घातलीं, आणि प्रत्येक कुंपणास कोठें ना कोठें वाट राहिली. पडद्यावर बोट टेकविणारास समोर कोणीच दिसत नाहीं. म्हणून ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ ही म्हण आतां बोटालाहि लागू पडते. आंकडा टाकण्यापूर्वी वस्तूचें वर्णन नीट वाचावें, आपली खरी मर्यादा मनाशीं ठरवावी, शंका असेल ती आधींच विचारावी. आणि एकदां बोली जिंकली कीं हौस ओसरली तरी पैसे वेळेवर चुकते करावे. हे कांहीं मोठे नीतिनियम नव्हेत, साधी माणुसकी आहे. कारण त्या पडद्यापलीकडे कोणीतरी आपल्या शब्दावर विसंबून वस्तु बांधावयास घेतलेली असते, आणि आणखी कोणीतरी, जें कधींच आपल्या नजरेस पडणार नाहीं, आपल्या शब्दास मान देऊन मुकाट्यानें बाजूस झालेलें असतें.